अ ते ज्ञ : एका वर्षाचे वाचन

(गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ रोजी, मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली पंचवीस वर्षे रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यातच माझा दिवस जातो. आम्हाला बोलायची सवय म्हणजे ट्रॅकवरच्या माणसांना गाडीच्या आवाजावरून ओरडून सांगायची. त्यामुळे आवाज मोठा झाला तर सांभाळून घ्या. मंडळाने सांगितले की, वर्षभर जो ‘अ ते ज्ञ’ वाचनाचा उपक्रम चालला त्याविषयी चार शब्द बोला. चार शब्दांत ते बसणार नाही, पण वेळ पाळीन. रेल्वेचा माणूस आहे, असे म्हणालो तर तुम्ही हसाल, म्हणून म्हणत नाही.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो.

आपल्या मंडळाचे एक लोखंडी कपाट आहे. ते इतकी वर्षे सरोजिनी नगरमधल्या एका सभासदाच्या क्वार्टरमध्ये, मधल्या खोलीत उभे होते. आता आपल्या वसाहतीचे काय चालले आहे ते तुम्ही रोज बघता. २०१६ मध्ये दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी मिळाली, त्यात सरोजिनी नगर आले. दुमजली जुनी घरे पाडली गेली आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. या जानेवारीत त्यातल्या टाइप-२ च्या अडीच हजारांवर घरांचे उद्घाटनही झाले. इमारती चांगल्या आहेत, लिफ्ट आहे, पार्किंग आहे. पण या सगळ्या उलथापालथीत आपली माणसे कोणी द्वारकेला गेली, कोणी नोएडाला, कोणी निवृत्त होऊन पुण्याला. ज्यांच्या घरी कपाट होते त्यांनाही घर सोडायचे होते. ते म्हणाले, “कपाट हलवा, नाहीतर रद्दीवाल्याला बोलवा.” त्यांचाही दोष नाही. कपाटातली पुस्तके कित्येक वर्षे कोणी नेली नव्हती. पुस्तकांच्या मागच्या कागदावर शेवटचा शिक्का बघितला, तर कुठे १९९६, कुठे १९९८.

कार्यकारिणीत ठरले की, आधी यादी करू. “तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला डेड स्टॉक रजिस्टर करायची सवय आहे,” असे म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी चार रविवार बसलो. पुस्तके निघाली ४१८. आधी लेखकांच्या नावाने यादी करत होतो, पण कित्येकांची पहिली पानेच गेलेली. म्हणून शेवटी पुस्तकाच्या नावाने, अकारविल्हे लावली.

आमची मुलगी तेव्हा नववीत जाणार होती. ती शेजारी बसून नावे वाचून दाखवत होती. म्हणजे अडखळत. मराठी तिला बोलता येते; पण शाळेत हिंदी आणि इंग्रजी, त्यामुळे मराठी वाचायची वेळ येतच नाही. ती म्हणाली, “बाबा, आमच्या शाळेत मैत्रिणी ए टू झेड चॅलेंज करतात. दर महिन्याला एक अक्षर, त्या अक्षराने नाव सुरू होणारं पुस्तक वाचायचं. तुमची लिस्ट तर तयारच आहे. तुम्ही अ ते ज्ञ करा ना.”

मी म्हणालो, “तुम्ही म्हणजे कोण? तू पण.”

अशा रीतीने ९ एप्रिल २०२४ च्या पाडव्याला याचा श्रीगणेशा झाला. सुरुवातीला आठ घरे होती, शेवटी तेरा झाली.

पहिला प्रश्न हिशेबाचा. इंग्रजीत सव्वीस अक्षरे. आपली स्वर-व्यंजने मिळून त्यापेक्षा कितीतरी जास्त. महिन्याला एक धरले तर चार वर्षे लागतील, आणि तोपर्यंत वसाहतीत कोण राहील कोण नाही, देव जाणे. तेव्हा मला लहानपणी पाटीवर गिरवलेली वर्णमाला नीट आठवली. तिच्यात गट आधीच पाडलेले आहेत! क म्हणताना आवाज घशाजवळ, च म्हणताना टाळूला, ट म्हणताना त्याहून पुढे जीभ वर वळते, त म्हणताना दातांना आणि प म्हणताना ओठ मिटतात. घशापासून ओठांपर्यंत ओळीने पाच स्टेशने. ए-बी-सी-डीत असा काही क्रम सापडत नाही. मी पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, हे मोकळेपणी कबूल करतो.

मग बारा महिने असे ठरले : अ-आ, इ ते ऋ, ए ते औ, मग क, च, ट, त, प हे पाच वर्ग, मग य-र-ल-व, श-ष-स, ह-ळ, आणि शेवटी क्ष-ज्ञ. मोजून बारा. गटातल्या कोणत्याही एका अक्षराचे एक पुस्तक वाचायचे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी चहाला जमून त्याबद्दल पाच मिनिटे बोलायचे. जो वाचणार नाही त्याने सर्वांना समोसे द्यायचे.

आता अडचणीची अक्षरे. ङ, ञ, ण आणि ळ. मराठीत एकही शब्द यांनी सुरू होत नाही. अंताक्षरीत ळ आला की आपण ल धरतो, ण आला की न धरतो. पण पुस्तकांच्या बाबतीत आमच्यातल्या एका काकूंनी वेगळा नियम सुचवला, आणि तो मला फार आवडला. त्या म्हणाल्या, “ज्या अक्षराला दारात उभं राहता येत नाही, त्याला घरात कुठेही बसू द्या.” म्हणजे ही चार अक्षरे नावात कुठेही आली तरी चालतील. मग विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ ण साठी चालले, त्यात तर दोन ण आहेत. ‘बटाट्याची चाळ’ ळ साठी चालली. आणि ङ शोधताना लक्षात आले की तो ‘वाङ्मय’ या शब्दातच बसला आहे. ज्याच्याशिवाय साहित्याचे नावच लिहिता येत नाही, त्याला आपण निरुपयोगी समजत होतो.

ढ ची गंमत वेगळी. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत ढ चे वळण फारसे बदललेले नाही. म्हणून ज्या मुलात काही फरक पडत नाही त्याला शाळेत ‘ढ’ म्हणतात, असे सांगतात. आमच्या कपाटात ढ चे एकही पुस्तक निघाले नाही. त्या महिन्यात सगळे जण ‘टारफुला’वर तुटून पडले.

पुस्तके कशी निवडली याच्याबद्दल आता बोलतो, कारण या उपक्रमात खरे शिकायला मिळाले ते तिथेच.

पहिल्या महिन्यात मी काय केले? यादीतली अ आणि आ ची पुस्तके काढली आणि त्यातले सर्वांत पातळ उचलले. शहात्तर पाने. ड्युटीवरून येताना दोन दिवसांत संपवले. आमच्या सौ. नी त्याच महिन्यात सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ घेतले. रात्री दिवा लावून वाचत बसायच्या आणि मधेच पुस्तक मिटून माझ्याकडे बघायच्या. ते पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या बघण्याचा अर्थ कळेल. रविवारी त्या पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटे बोलल्या. माझी पाच मिनिटे दोन मिनिटांत संपली, कारण सांगण्यासारखे काही नव्हतेच. पातळ पुस्तक वाईट असते असे नाही. पण ‘लवकर संपेल’ म्हणून घेतलेले पुस्तक लवकर संपते, एवढेच त्याचे होते.

दुसऱ्या महिन्यात, मे मध्ये, दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ घेतले. त्यात निसर्गाचे महिन्यामहिन्याचे वर्णन आहे. दिल्लीच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, ऋतूंबद्दल काय वाचायचे, असे वाटले होते. पण एके सकाळी ट्रॅकवर जाताना रस्त्याच्या कडेचा अमलतास पिवळाधमक फुललेला दिसला आणि आठवले, अरे, हा तर आपला बहावा! पंधरा वर्षे त्याच रस्त्याने जात होतो. आमच्यातल्या एका तरुण मित्राने त्या महिन्यात लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ वाचले. तो म्हणाला, “दिल्लीत मला कोणी बाहेरचा म्हटलं की मी स्वतःला उपरा समजायचो. हे पुस्तक वाचल्यावर तो शब्द वापरायची मला लाज वाटते. ज्यांना गावच नव्हतं, त्यांचा शब्द आहे तो.”

जूनमध्ये वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ लहान मुलांनी गाजवले. जुलैत ‘कोसला’. हे पुस्तक डिप्लोमाला असताना होस्टेलवर एका मित्राने दिले होते. तेव्हा तीसचाळीस पानांत सोडून दिले होते. आता वाचताना लक्षात आले की, होस्टेलवरच्या पोराचे ते एकटेपण मला तेव्हा कळले नव्हते, कारण मी स्वतःच त्यात होतो. काही पुस्तके आपली वाट बघत थांबतात.

आणि मग आला ऑगस्ट, च-वर्ग.

च-वर्गात आमच्या यादीत सर्वांची नजर एकाच पुस्तकावर, शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वर. तेव्हा सिनेमा यायचा होता, पण चर्चा सुरू झाली होती. प्रत एकच. ती एका वहिनींनी आधीच नेली. माझ्या वाट्याला उरले एक जाडजूड पुस्तक, कव्हर फाटलेले, कडेला वाळवीने थोडे खाल्लेले : विश्वास पाटील यांचे ‘झाडाझडती’. १९९१ चे पुस्तक, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले. विषय धरणग्रस्तांचा.

खरे सांगतो, मला ते नको होते. आणि का नको होते, तेही सांगतो.

आमचे मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. ‘होते’ म्हणायला हवे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याआधीच आमच्या गावाला उठावे लागले. मी तेव्हा पाळण्यात होतो. मला जे गाव आठवते ते नवे, पुनर्वसनाचे, सरळ रस्त्यांचे. जुन्या गावाबद्दल आमचे वडील, अण्णा, कधीच काही बोलले नाहीत. आई एखाद-दुसरे सांगायची, तर ते उठून बाहेर जायचे. मीही विचारले नाही. आमच्याकडे तो विषय असा बंदच होता.

आणि माझी बाजू अशी की, ज्या धरणात आमचे घर गेले त्याच धरणाचे पाणी आज सोलापूर शहर पिते, ज्या सोलापुरात मी शिकलो. त्याच धरणामुळे पुणे-सोलापूर लोहमार्गाचा काही भाग हलवावा लागला, आणि डिकसळचा जुना रेल्वे पूल नंतर गाड्या-ट्रॅक्टरच्या रस्त्यासाठी वापरला गेला. इंजिनिअर म्हणून ही माहिती मी अनेकदा लोकांना कौतुकाने सांगितली आहे. पुलाची माहिती सांगायचो, घराची नाही. पुढे माझ्या स्वतःच्या नोकरीत दुपदरीकरणाची कामे आली. जमीन संपादन झालेली असायची, कागद हातात असायचे. आम्ही बघायचो ते चेनेज, इतके किलोमीटर ते इतके किलोमीटर. त्या दोन आकड्यांमध्ये कोणाचे काय होते, हे मी एकदाही विचारले नव्हते.

तर असे ते पुस्तक मी नाइलाजाने घेतले. मुलगी म्हणाली, “बाबा, छावा नाही मिळाला म्हणून रडू नका.”

पहिली पन्नास पाने वाचली आणि एका रात्री मी अण्णांना फोन केला. साडेआठ वाजले होते, त्यांची जेवणे झाली होती.

“काय रं, आज मधल्या वारीच फोन?”

“अण्णा, एक पुस्तक वाचतोय. धरणाचं आहे. लोक उठले त्याचं.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटले, फोन कट झाला.

मग म्हणाले, “वाच की मग. मोठ्यानं वाच.”

अण्णा सातवी शिकलेले. वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून वाचणे बंद. त्या रात्रीपासून रोज साडेआठला मी फोन लावायचो आणि आठ-दहा पाने वाचायचो. फोन स्पीकरवर असायचा. आमच्या सौ. भांडी आवरता आवरता ऐकायच्या, मुलगी अभ्यास सोडून येऊन बसायची. मधे मधे अण्णा थांबवायचे. “हे बराबर हाय,” म्हणायचे. किंवा, “आमच्याकडं असं नव्हतं झालं, आमच्याकडं निराळं.” आणि मग ते निराळे काय ते सांगायचे.

अशा तऱ्हेने पंचेचाळीस वर्षे बंद असलेले ते दार उघडले. निघायच्या दिवशी त्यांनी घराची सागवानी चौकट काढून बैलगाडीत घातली होती. तीच चौकट आमच्या आजच्या घराला आहे. मी तिच्यातून हजार वेळा आत-बाहेर केले, पण ती कुठून आली हे मला ठाऊक नव्हते. तुळशीवृंदावन हलवता आले नाही. आजी त्याला पाणी घालून आली. अण्णा म्हणाले, “आता त्याला पाणी घालायची गरज नव्हती, धरणाचं पाणी येणारच हुतं. पण तिनं घातलं.”

मुलगी त्या रात्री काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून पुस्तक उचलले आणि म्हणाली, “आज मी वाचते आजोबांना.” अडखळत वाचत होती. झाड म्हणताना हिंदीतला झ यायचा. अण्णा फोनवरून दुरुस्त करायचे. दोन पानांना अर्धा तास लागला. पण तिने दोन पाने मराठी मोठ्याने वाचली होती, तीही न सांगता.

पुस्तक ऑगस्टमध्ये संपले नाही. सप्टेंबरचा ट-वर्ग माझा बुडाला आणि गणपतीनंतरच्या रविवारी मी सर्वांना समोसे दिले. इतके आनंदाने दंड मी आयुष्यात कधी भरला नाही.

दिवाळीत गावी गेलो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्यातही खूप खाली गेली होती, पण पावसाळ्यात धरण पूर्ण भरले. आमच्याकडचे पळसनाथाचे जुने मंदिर पाणी फार खाली गेले की वर दिसते. आम्ही गेलो तेव्हा नुसते पाणी. अण्णा काठावर उभे राहिले आणि हाताने दाखवत गेले : इथून वेस, तिथे चावडी, त्या बगळ्याच्या पलीकडे आपले घर. मुलीने वहीत नकाशा काढला. त्यावर नावे तिने मराठीत लिहिली.

मी हे सगळे घरगुती का सांगतो आहे? कारण माझ्या आवडीने मी पुस्तक निवडले असते, तर ‘झाडाझडती’ कधीच निवडले नसते. आपली आवड आपल्याला जिथे आधीच जाऊन आलो तिथेच नेते. जे टाळायचे आहे ते आपण इतक्या सफाईने टाळतो की, टाळले हेही कळत नाही. अक्षराला आपली आवड कळत नाही, आपली भीतीही कळत नाही. ते नुसते म्हणते, झ आहे, घ्या. एवढ्याशा बिनडोक नियमाने मला माझ्या वडिलांपर्यंत पोहोचवले.

कामावरही थोडा फरक पडला. मोठा नाही. आता नव्या साइटवर गेलो की मी पहिल्यांदा विचारतो, हे कोणते गाव? जमीन कोणाची होती? काम थांबत नाही, थांबवायचा अधिकारही मला नाही. पण आकड्याच्या शेजारी माझ्या डायरीत गावाचे नाव असते.

पुढचे महिने थोडक्यात सांगतो. ऑक्टोबरच्या ३ तारखेला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, आणि त्या महिन्यात दोघांनी मिळून ‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड वाटून वाचले. ते अजून एकमेकांना गोष्ट पुरी करून सांगत आहेत. नोव्हेंबरमध्ये काही जणांनी ‘पानिपत’ वाचले आणि मग एका रविवारी पानिपतला जाऊन आले. दिल्लीहून अंबाल्याच्या गाडीत बसले की पानिपत दीड-दोन तासांवर, आणि आपण इतकी वर्षे ते स्टेशन नुसते ओलांडतो. डिसेंबरमध्ये एका काकांनी बाबा पदमनजींचे १८५७ चे ‘यमुनापर्यटन’ घेतले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. त्यांना वाटले, आपल्या दिल्लीच्या यमुनेचे प्रवासवर्णन असेल. निघाली विधवांच्या दुःखाची कहाणी. यमुना हे त्यातल्या बाईचे नाव. काका म्हणाले, “फसलो, पण बरं झालं फसलो.”

जानेवारीत मुलीने पहिले पूर्ण मराठी पुस्तक एकटीने वाचले : मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. नववीतल्या मुलांची गोष्ट, आणि ही नववीत. ती आधी ‘शाला’ म्हणायची, कारण हिंदीच्या सवयीने ळ तिच्या जिभेवर बसतच नव्हता. पुस्तक संपेपर्यंत ळ बसला. फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन झाले, १९५४ नंतर पहिल्यांदाच दिल्लीत. तिथे पुस्तकांच्या गाळ्यांवर मी नेमाडे यांचे ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ विकत घेतले. त्यात सुरुवातीला ह आणि शेवटी ळ, एका तिकिटात दोन्ही स्टेशने.

क्ष साठी एकांनी शरच्चंद्र मुक्तिबोध यांची ‘क्षिप्रा’ शोधून काढली. आपली मुले हिंदीच्या अभ्यासक्रमात ज्या गजानन माधव मुक्तिबोधांचे नाव ऐकतात, त्यांचे हे धाकटे भाऊ. एक भाऊ हिंदीत मोठा झाला, दुसरा मराठीत. दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या मुलांनी हे घर जरूर लक्षात ठेवावे. दोन भाषा एका घरात नांदू शकतात.

आणि ज्ञ. जो अनाथ ञ आम्ही वर्षभर शोधत होतो तो इथे, ज ला बिलगून बसला होता. ज्ञ साठी दुसरे कोणते पुस्तक असणार? आमच्या घरी ज्ञानेश्वरी देवघरात आहे, लाल कापडात. पूजा रोज होते, उघडली कधी जात नाही. मार्चमध्ये उघडली. पूर्ण वाचली असे खोटे सांगणार नाही, पहिला अध्याय झाला. पण पहिल्याच पानांवर थांबलो. माउलींनी तिथे गणपतीचे रूप वर्णन केले आहे, आणि ते रूप अक्षरांचेच आहे : अकार हे त्याचे पाय, उकार हे पोट, मकार हे मस्तक. मी अ पासून निघालो, वर्षभर फिरलो आणि ज्ञ ला पोहोचलो, तर तिथे पुन्हा अ, गणपतीच्या पायाशी.

आता शेवटचे आणि कामाचे. पुढच्या वर्षी जे भाग घेणार आहेत त्यांना निवडीबद्दल माझ्या तीन सूचना. एक, पातळ बघून घेऊ नका. दोन, घेण्याआधी पहिले पान घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा थांबला तर ते पुस्तक तुमचे. तीन, गटातले जे नाव वाचून तुम्ही पटकन पुढे सरकता, त्याच्याकडे एकदा परत या.

आणि कपाटाबद्दल. वर्षभर ते आमच्या गॅलरीत आहे, पण माझीही बदली केव्हा होईल सांगता येत नाही. मंडळाकडे खोली नाही, नव्या टॉवरमध्ये कोणाकडे जागा नाही. म्हणून मी असे सुचवतो की, कपाट ठेवूच नये. बारा गटांची पुस्तके बारा घरांनी सांभाळावी. एका घरात क-वर्ग, एका घरात प-वर्ग. कोणी द्वारकेला असो, कोणी नोएडाला. ज्याला ‘बनगरवाडी’ हवी त्याने प-वर्गाच्या घरी जावे, चहा घ्यावा, पुस्तक आणावे. वसाहत पांगली तरी वर्णमाला पांगू नये. यादी आणि रजिस्टर मी करून देतो, ते माझे कामच आहे.

अकरा घरांनी होकार दिला आहे. ट-वर्ग अजून शिल्लक आहे, ढ मुळे कोणी घेत नाही असे दिसते. कोणीतरी पुढे या. च-वर्ग मात्र मागू नका. तो आमच्या घरी राहील. त्यातले एक फाटक्या कव्हरचे पुस्तक मी बाइंडिंग करून घेतले आहे, आणि पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या मुलीने काढलेला गावाचा नकाशा चिकटवला आहे.

 नव्या वर्षाच्या सर्वांना शुभेच्छा.

गणपती बाप्पा मोरया!